न मागता आलेली लोकशाही



आपल्या शेजारी एक राष्ट्र आहे. क्षेत्रफळाने केरळएवढे, किंबहुना किंचित लहानच. केरळात तीन कोटींहून अधिक माणसे राहतात. या देशात २००५ च्या जनगणनेत जेमतेम सहा लाख पस्तीस हजार रहिवासी मोजले गेले. मुंबईच्या एखाद्या मोठ्या उपनगरात याहून अधिक माणसे सापडतील. उत्तरेला तिबेट, म्हणजे आजचा चीन. उरलेल्या तिन्ही बाजूंना सिक्कीम, पश्चिम बंगाल, आसाम आणि अरुणाचल, म्हणजे भारत. हा देश म्हणजे भूतान.

मराठी माणसाला भूतान ठाऊक असतो तो सहलीच्या माहितीपत्रकातून. डोंगराच्या कड्याला चिकटलेला ताक्तसांगचा मठ, पारोच्या दरीत उतरणारे विमान आणि 'सकल राष्ट्रीय आनंद' हे शब्द. चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. राष्ट्र म्हणून भूतान कसा आहे हे समजून घ्यायचे असेल, तर त्याच्या इतिहासातील एकच वर्ष हाती घ्यावे. ते वर्ष २००८.

त्या वर्षी मार्चमध्ये भूतानच्या जनतेने पहिल्यांदा आपले सरकार निवडले. मे महिन्यात पहिली निर्वाचित संसद भरली, जुलैमध्ये देशाला लिखित राज्यघटना मिळाली, आणि नोव्हेंबरमध्ये पाचव्या राजांचा राज्याभिषेक व राजघराण्याची शताब्दी हे दोन्ही सोहळे झाले. ही शताब्दी खरे तर २००७ ची. परंतु ते वर्ष ज्योतिषांच्या मते शुभ नव्हते, म्हणून ती वर्षभर पुढे ढकलण्यात आली. निवडणूक आयोग आणि पंचांग या दोहोंना सारख्याच गांभीर्याने घेणारा हा देश आहे!

राजाचा हट्ट

जगाच्या इतिहासात लोकशाही सहसा मागून, भांडून, रक्त सांडून मिळाली. इंग्लंडमध्ये राजाचे मस्तक उडाले, फ्रान्समध्ये उडाले, रशियात तर सारे कुटुंबच संपले. भूतानमध्ये उलटे घडले. तेथे राजा सत्ता सोडू पाहत होता आणि प्रजा त्याला सोडू देत नव्हती.

१७ डिसेंबर १९०७ रोजी पुनाखा येथे देशातील मठाधिपती, सरदार आणि लोकप्रतिनिधी यांनी एका प्रतिज्ञापत्रावर मुद्रा उमटवून उग्येन वांगचुक यांना वंशपरंपरागत राजा म्हणून स्वीकारले. तेव्हापासून सत्ता एका घराण्यात एकवटली. तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक हे विलक्षण दूरदर्शी होते. त्यांनी १९५३ मध्ये राष्ट्रीय सभा स्थापन केली आणि भूदासपद्धती मोडली. १९५८ साली पंडित नेहरू त्यांच्या भेटीला गेले, तेव्हा भारतातून भूतानला जाणारा मोटाररस्ता नव्हता. नेहरूंना सिक्कीममधून नथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर व याकवर बसून पारो गाठावे लागले. पुढे भारताच्या सीमा सडक संघटनेने फुंतशोलिंगहून थिंफूला रस्ता नेला. १९७१ मध्ये भूतान संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला.

याच राजांनी स्वतःविरुद्ध अविश्वासाचा ठराव आणण्याचा अधिकार सभेला दिला होता. सभासदांना तो नकोसा वाटे. राजांच्या निधनानंतर ती तरतूद रद्द झाली. मात्र त्यांचे पुत्र, सोळाव्या वर्षी राजे झालेले जिग्मे सिंग्ये वांगचुक, हे वडिलांचेच खरे शिष्य निघाले. १९९८ मध्ये त्यांनी राज्यकारभार मंत्रिमंडळाकडे सोपवला आणि दोनतृतीयांश मतांनी राजाला पायउतार करण्याची तरतूद सभेकडून पुन्हा मान्य करून घेतली. करून घेतली असेच म्हटले पाहिजे, कारण सभासद हात जोडून नको म्हणत होते.

२००१ मध्ये त्यांनी राज्यघटना लिहिण्याचा आदेश दिला. मुख्य न्यायाधीश सोनम तोबग्ये यांच्या अध्यक्षतेखाली एकोणचाळीस जणांची समिती नेमली गेली. भारतातील ज्येष्ठ विधिज्ञ के. के. वेणुगोपाल हे तिचे घटनाविषयक सल्लागार होते. २००५ च्या मार्चमध्ये मसुदा लोकांच्या हाती पडला. पुढे राजे आणि युवराज विसाही जिल्ह्यांत गेले आणि त्यांनी लोकांसमोर मसुद्याचे कलमवार वाचन करवले. जिल्ह्याजिल्ह्यांत वृद्ध शेतकरी उठून म्हणत, आम्हाला हे नको, आमचा राजा आहे तोच बरा. शेजारच्या देशांत लोकशाहीच्या नावाने काय चालते हे त्यांनी रेडिओवर ऐकले होते. १९९९ पासून दूरचित्रवाणीवरही पाहिले होते. शेजारचे देश म्हणजे कोण, हे वेगळे सांगायला नको.

त्यावर राजांचे म्हणणे असे की, आज तुम्हाला राजा चांगला मिळाला आहे. उद्या नालायक मिळाला तर काय कराल? जन्माच्या योगायोगाने गादीवर बसणाऱ्या एका माणसाच्या हाती एवढ्या छोट्या देशाचे भवितव्य ठेवणे धोक्याचे आहे. छोट्या देशाला चूक परवडत नाही.

हे बोलणारा राजा दुबळा नव्हता. २००३ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण भूतानच्या जंगलांत तळ ठोकून बसलेल्या उल्फा, बोडो आणि कामतापुरी बंडखोरांवर भूतानच्या सैन्याने मोहीम काढली, तेव्हा स्वतः राजे रणभूमीवर होते. तिसांच्या आसपास तळ उद्ध्वस्त झाले. त्याआधी सहा वर्षे बंडखोरांशी बोलणी चालली होती. भारताच्या सुरक्षेसाठी कोणत्याही शेजाऱ्याने इतकी उघड जोखीम क्वचितच घेतली असेल. आपल्याकडे त्याची आठवण पुरेशी ठेवली जात नाही.

२००५ च्या राष्ट्रीय दिनी, त्राशी यांगत्से या पूर्वेकडील दूरच्या जिल्ह्यात, राजांनी २००८ मध्ये गादी सोडण्याची घोषणा केली. लोक रडले. प्रत्यक्षात त्यांनी २००८ चीही वाट पाहिली नाही. २००६ च्या डिसेंबरमध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी ते बाजूला झाले आणि सव्वीस वर्षांच्या जिग्मे खेसर नामग्याल वांगचुक यांच्याकडे सूत्रे आली. लोकशाही येण्यापूर्वी मुलाला राज्य चालवण्याचा थोडा अनुभव असावा, हा त्यामागचा हिशेब. पुढच्याच फेब्रुवारीत भारत-भूतान मैत्री कराराला नवे रूप मिळाले. परराष्ट्र व्यवहारात भूतान भारताच्या सल्ल्याने चालेल, हे १९४९ च्या करारातील कलम गेले आणि त्या जागी परस्पर सहकार्याची भाषा आली. दोन्ही बाजूंनी शहाणपणाचे पाऊल होते ते.

पिवळा रंग आणि शाळकरी उमेदवार

मतदान म्हणजे काय, हे ज्यांनी कधी पाहिलेच नाही त्यांना ते शिकवायचे कसे? भूतानच्या निवडणूक आयोगाने रंगीत तालीम घेतली, आणि हे शब्द येथे अक्षरशः घ्यावेत. एप्रिल व मे २००७ मध्ये साऱ्या देशात लुटुपुटूची निवडणूक झाली. पक्षही लुटुपुटूचे : द्रुक लाल, द्रुक निळा, द्रुक हिरवा, द्रुक पिवळा. लाल पक्ष उद्योगधंद्यांचा, निळा भ्रष्टाचारविरोधाचा, हिरवा पर्यावरणाचा, तर पिवळा परंपरेचा. उमेदवार म्हणून उभी राहिली ती शाळेतील मोठ्या वर्गांची मुले.

पिवळ्या पक्षाला सत्तेचाळीसपैकी शेहेचाळीस जागा मिळाल्या. पिवळा हा राजाचा रंग! लोकशाहीची तालीम घ्यायला बोलावलेल्या जनतेने पहिल्याच संधीला आपले मत कोणाला आहे ते सांगून टाकले. थिंफूतील अधिकारी त्यावर हसले की गंभीर झाले, कोणास ठाऊक.

खऱ्या निवडणुकीची सुरुवात ३१ डिसेंबर २००७ ला झाली. वरिष्ठ सभागृहात, म्हणजे राष्ट्रीय परिषदेत, पक्षांना प्रवेश नाही. वीस जिल्ह्यांतून वीस सदस्य निवडले जातात आणि पाच राजा नेमतो. त्या दिवशी पंधराच जिल्ह्यांत मतदान होऊ शकले. उरलेल्या पाच जिल्ह्यांत पुरेसे पात्र उमेदवारच मिळेनात, म्हणून तेथील मतदान जानेवारीअखेर घ्यावे लागले. कारण संसदेच्या उमेदवाराला पदवीधर असण्याची अट होती. पदवीधर शोधण्यासाठी निवडणूक पुढे ढकलावी लागते, हे आपल्याकडच्या तिकीटवाटपाच्या पार्श्वभूमीवर मजेशीर वाटेल. पण त्यात एक गंभीर प्रश्नही दडला होता. ज्या देशात बहुसंख्य शेतकरी पदवीधर नाहीत, तेथे कायदे करण्याचा अधिकार मूठभर शिक्षितांपुरता राहतो. त्यावर तेथेही टीका झाली.

आणखी एक तरतूद ध्यानात घेण्याजोगी आहे. भूतानमध्ये बौद्ध भिक्षूंना आणि अन्य धर्मगुरूंना मतदान करता येत नाही, उमेदवारही होता येत नाही. धर्म राजकारणाच्या वर राहावा, हा त्यामागील विचार. धर्माचा सन्मान राखण्यासाठी धर्मगुरूला मतपेटीपासून दूर ठेवणारी ही व्यवस्था आहे. ती योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो, परंतु ती धर्माच्या अनादरातून आलेली नाही, एवढे मान्य करावे लागेल.

२४ मार्च २००८. सव्वातीन लाखांच्या आत-बाहेर मतदार. मतदान आपापल्या मूळ गावीच करायचे होते. त्यामुळे त्या आधीच्या दिवसांत थिंफूतून गाड्या भरभरून लोक डोंगराकडे निघाले. गाडी लागते म्हणून दोन आठवडे पायी चालत गावी पोहोचलेल्या एका वृद्धेची हकीकत तेव्हा वृत्तसंस्थांनी जगभर दिली होती. मतदान यंत्रे भारतातून आली होती. सायंकाळी मोजणी झाली तेव्हा एकोणऐंशी टक्क्यांहून अधिक मतदान झाले होते.

दोघांचा विरोधी पक्ष

रिंगणात पक्ष दोनच होते. एकाचे नेते जिग्मी थिनले, दुसऱ्याचे संगे न्गेदुप. दोघेही आधी पंतप्रधानपद भूषवलेले आणि दोघेही राजनिष्ठ. दोघांच्या जाहीरनाम्यांत फरक शोधायला भिंग लागले असते. पण संगे न्गेदुप हे नव्या राजांचे मामा, राजमातांचे सख्खे बंधू. सर्वांना वाटले, हे तर घरचेच!

निकाल लागला. थिनले यांच्या 'द्रुक फुएनसुम छोग्पा'ला सत्तेचाळीसपैकी पंचेचाळीस जागा, मामांच्या 'पीपल्स डेमोक्रॅटिक पार्टी'ला दोन. मामा स्वतःच्या मतदारसंघात पराभूत. राजाच्या आज्ञेवरून मतदानाला गेलेल्या जनतेने राजाच्या नातलगाला पाडले आणि त्यात राजद्रोह केल्यासारखे कोणालाही वाटले नाही. पिवळ्या पक्षाला शेहेचाळीस जागा देणारी हीच जनता. राजनिष्ठा म्हणजे राजाच्या सोयऱ्यांची चाकरी नव्हे, हा फरक तिला कोणी शिकवला नव्हता.

एक गोष्ट नोंदवली पाहिजे. पराभूत पक्षाला तेहेतीस टक्क्यांच्या आसपास मते होती, जागा मात्र दोन. म्हणजे एक तृतीयांश मतदारांचा आवाज सभागृहात दोन माणसांच्या गळ्यातून निघायचा होता. त्यांपैकी एक छेरिंग तोबगे, बेचाळीस वर्षांचे, विरोधी पक्षनेते झाले. पंचेचाळीस विरुद्ध दोन! अशा सभागृहात विरोधी पक्षनेत्याने करायचे काय?

त्यांनी पुढे जे केले ते २००८ च्या राज्यघटनेचे पहिले खरे फलित म्हणता येईल. २०१० मध्ये सरकारने संसदेला न विचारता वाहनांवरील कर वाढवला. दोघांचा विरोधी पक्ष उच्च न्यायालयात गेला आणि जिंकला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०११ च्या फेब्रुवारीत तेथेही हरले. कर लावण्याचा अधिकार संसदेचा आहे, मंत्रिमंडळाचा नाही, असा निर्णय झाला. सरकारने तो निमूटपणे मानला. २०१३ च्या निवडणुकीत हेच तोबगे बत्तीस जागा घेऊन पंतप्रधान झाले.

पण पुन्हा २००८ कडे येऊ. ८ मे रोजी पहिली संसद भरली. त्याच महिन्यात पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग थिंफूला गेले आणि त्यांनी संसदेच्या संयुक्त बैठकीत भाषण केले. १,०२० मेगावॅटचा ताला जलविद्युत प्रकल्प तेव्हा राष्ट्राला अर्पण झाला आणि पुनात्सांगछूच्या पहिल्या प्रकल्पाची कोनशिला बसवली गेली. भूतान नद्यांतून वीज काढतो आणि भारत ती विकत घेतो, हा या देशाच्या अर्थकारणाचा कणा. पुनात्सांगछूच्या त्या प्रकल्पाचा डोंगर मात्र पुढे २०१३ मध्ये धरणाच्या जागीच खचला आणि काम वर्षानुवर्षे अडले. हिमालय कोणाच्या वेळापत्रकाला बांधील नाही.

त्याच मे महिन्यात पलीकडे काय घडत होते? २८ मे २००८ रोजी नेपाळच्या संविधान सभेने राजेशाही संपवली. दोन आठवड्यांत राजे ज्ञानेंद्र नारायणहिटी राजवाडा सोडून गेले. जगातील एकमेव हिंदू राज्य म्हणून ज्याकडे आपण पाहत होतो, त्याचा शेवट असा झाला. ज्ञानेंद्रांनी २००५ मध्ये सारी सत्ता स्वतःच्या मुठीत घेतली होती. त्याच वर्षी भूतानचे राजे जिल्ह्याजिल्ह्यांत सत्ता सोडण्याचा मसुदा घेऊन हिंडत होते. तीन वर्षांत दोघांनाही फळ मिळाले.

१८ जुलै रोजी थिंफूच्या ताशिछो झोंगमध्ये नव्या राजांनी राज्यघटनेवर स्वाक्षरी केली. राजाने वयाच्या पासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हावे, देशाच्या साठ टक्के भूमीवर सदैव वने राहावीत, संसदेच्या तीनचतुर्थांश बहुमताने व त्यानंतर जनमताने राजाला पदच्युत करता यावे, या तरतुदी तिच्यात आहेत. राजा सर्व धर्मांचा रक्षक आहे, असेही ती म्हणते. आणखी एक कलम आहे. त्याकडे थोड्याच वेळात यायचे आहे.

६ नोव्हेंबरला राज्याभिषेक झाला. बावन्न वर्षांच्या पित्याने अठ्ठावीस वर्षांच्या पुत्राच्या मस्तकी कावळ्याच्या मुखाकृतीचा मुकुट ठेवला. आपल्याकडे कावळ्याला पितृपक्षापुरताच मान. भूतानमध्ये तो संरक्षक देवतेचे रूप आहे. भारताच्या वतीने राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील उपस्थित होत्या. खानदेशातील एक भगिनी हिमालयातील राज्याभिषेकाला भारताची प्रतिनिधी म्हणून बसली होती, हे दृश्य मराठी मनाला सुखावणारे होते. अभिषेकानंतर नवे राजे मैदानात उतरले आणि तासन्‌तास रांगेतल्या सामान्य माणसांना भेटत राहिले.

१९५८ ची पावती

श्रोतेहो, येथे थांबता आले असते तर चित्र फार सुंदर राहिले असते. पण त्याच वर्षी, त्याच महिन्यांत, नेपाळच्या पूर्व टोकाला झापा आणि मोरंग जिल्ह्यांतील बांबूच्या झोपड्यांतून माणसे बसगाड्यांत चढत होती. त्यांच्या छातीवर प्रवासाच्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, नॉर्वे ही नावे त्यांनी क्वचितच ऐकली होती. ही माणसे स्वतःला भूतानी म्हणवत होती. भूतानच्या पहिल्या निवडणुकीच्या मतदारयादीत त्यांचे नाव नव्हते.

हे ल्होत्साम्पा, म्हणजे दक्षिणेकडचे लोक. नेपाळी बोलणारे, बहुसंख्य हिंदू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांचे पूर्वज भूतानच्या हिवतापग्रस्त दक्षिण पायथ्याशी आले. जेथे उत्तरेकडची माणसे राहायला धजत नव्हती, तेथे त्यांनी जंगल तोडले, भातखाचरे केली, संत्र्याच्या बागा लावल्या आणि सरकारला कर भरला. १९५८ च्या कायद्याने त्यांना नागरिकत्व मिळाले. नेहरू याकवर बसून पारोला गेले, तेच वर्ष.

मग भूतानला भीती वाटू लागली. ती भीती निराधार होती असे म्हणता येणार नाही. १९७५ मध्ये शेजारचे सिक्कीमचे राज्य संपले. तेथे नेपाळी भाषिक बहुसंख्य झाले होते आणि मूळचे भूतिया-लेपचा अल्पसंख्य. पुढे दार्जिलिंगमध्ये गोरखालँडचे आंदोलन पेटले. रस्ते आणि प्रकल्पांच्या कामावर आलेले अनेक मजूर दक्षिणेत स्थायिक झाले, असे भूतान सरकारचे म्हणणे होते. सहा लाखांच्या देशाला लाखभर माणसे म्हणजे काय, हे शंभर कोटींच्या देशाने दुरून सांगू नये. घुसखोरीचा प्रश्न आपल्यालाही ठाऊक आहे. १९८५ मध्ये भारतात आसाम करार झाला आणि त्याने २५ मार्च १९७१ ही तारीख धरली. त्याच १९८५ मध्ये भूतानने नागरिकत्वाचा नवा कायदा केला. त्याने तारीख धरली ३१ डिसेंबर १९५८.

भीती समजू शकते. पुढे जे झाले ते समजून घेता येत नाही. १९८८ पासून दक्षिणेत घरोघर गणना सुरू झाली. नागरिकत्व सिद्ध करायला १९५८ सालची करपावती मागितली जाई. त्याआधीची पावती दाखवली तरी चालत नसे. पावती १९५८ चीच हवी! तीस वर्षांपूर्वीचा कागदाचा कपटा किती शेतकऱ्यांनी जपून ठेवला असेल? आपल्या घरी शोधून पाहावे. लोकांची एक ते सात वर्गांत विभागणी झाली. पती एका वर्गात, पत्नी दुसऱ्यात, मुले तिसऱ्यात, असेही घडले. पाठोपाठ राष्ट्रीय वेश आणि शिष्टाचाराची सक्ती आली, शाळांतून नेपाळी भाषा गेली. १९९० मध्ये दक्षिणेत निदर्शने झाली. त्यांत हिंसाही झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रत्युत्तरात अटका झाल्या, अत्याचारांच्या कहाण्या बाहेर आल्या, आणि माणसे निघाली. पुष्कळांकडून 'स्वखुशीने देश सोडत आहे' अशा कागदांवर सह्या घेतल्या गेल्या. काही वर्षांत नेपाळच्या सात छावण्यांत लाखाहून अधिक माणसे जमली.

भूतान आणि नेपाळ यांच्या सीमा एकमेकींना भिडत नाहीत. मध्ये भारत आहे. ही माणसे भारताच्या भूमीवरून गेली, किंबहुना आपल्या यंत्रणेनेच त्यांना पुढे मेची नदीपलीकडे पोहोचवले. नंतर हा भूतान-नेपाळचा द्विपक्षीय प्रश्न आहे, अशी आपल्या सरकारची भूमिका राहिली. मे २००७ मध्ये काही हजार निर्वासित मायदेशी जाऊ म्हणून मेचीच्या पुलावर आले, तेव्हा त्यांना भारतीय सुरक्षा दलांनी अडवले. भूतानची मैत्री मोलाची आहे आणि ती जपलीच पाहिजे. परंतु मित्राला एक गोष्ट कधीच विचारली गेली नाही, आणि तीही दिल्लीतील एकाही पक्षाच्या सरकारकडून नाही. ज्यांचे अश्रू पुसायला आपण जगाच्या पाठीवर कोठेही जायला तयार असतो, अशी माणसे आपल्या अंगणातून चालत गेली.

दोन्ही देशांत पंधरा फेऱ्यांची बोलणी झाली. २००१ मध्ये खुदुनाबारी या एका छावणीची पडताळणी सुरू झाली. २००३ मध्ये निकाल आला. बारा हजारांच्या आसपास माणसांपैकी अडीच टक्केसुद्धा 'खरे भूतानी' ठरले नाहीत. सत्तर टक्के 'स्वेच्छेने देश सोडलेले' ठरले. त्यांनी नव्याने अर्ज करावा असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात एकही माणूस परतला नाही. शेवटी अमेरिकेने साठ हजार जणांना घेण्याची तयारी दाखवली, आणि आठ देशांचा पुनर्वसन कार्यक्रम आखला गेला. छावण्यांत यावरून उभी फूट पडली. म्हातारे म्हणत, गेलो तर भूतानवरचा हक्क गेला. तरुण म्हणत, बांबूच्या झोपडीत जन्मलो, त्याच झोपडीत मरायचे का? काही टोळ्यांनी जाऊ इच्छिणाऱ्यांना धमकावलेही. २००८ उजाडताना जानेवारीत भूतानमध्ये चार ठिकाणी छोटे स्फोट झाले, ते याच असंतोषाचे पडसाद. वर्ष संपेपर्यंत हजारो माणसे सातासमुद्रापार गेली होती. पुढच्या काही वर्षांत हा आकडा एक लाख दहा हजारांच्या पुढे गेला.

मघाशी ज्या कलमाचा उल्लेख राहून गेला ते हेच. १८ जुलै २००८ च्या राज्यघटनेत, साठ टक्के वनांच्या आणि निवृत्त होणाऱ्या राजाच्या त्याच ग्रंथात, नागरिकत्वाच्या कलमात ३१ डिसेंबर १९५८ ही तारीख आहे. राजाने स्वतःचे अधिकार सोडले. तारीख सोडली नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हा हिंदू-बौद्ध संघर्ष होता असे मांडणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. भूतानमध्ये राहिलेल्या ल्होत्साम्पांची संख्याही मोठी आहे. त्यांनी २००८ मध्ये मतदान केले आणि त्यांच्यातील काही जण त्या पहिल्या संसदेत निवडूनही आले. दसरा, म्हणजे त्यांचा दसैं, तेथे राष्ट्रीय सुटी आहे. भांडण भाषेचे, वेशाचे, संख्येचे आणि भयाचे होते. मात्र मागे राहिलेल्यांपैकी ज्यांचे भाऊबंद छावणीत होते, त्यांना त्या नात्याची किंमत कागदपत्रे मिळवताना बराच काळ मोजावी लागली.

त्यानंतर भूतानची लोकशाही रुजली, हे निर्विवाद. २०१३, २०१८, २०२४, प्रत्येक वेळी सत्ताधारी पक्ष हरला आणि शांतपणे घरी गेला. २०२४ च्या जानेवारीत छेरिंग तोबगे पुन्हा पंतप्रधान झाले. नवी चिंता वेगळीच आहे. शिकलेले तरुण मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला जात आहेत, आणि त्यांना थोपवण्यासाठी पाचव्या राजांनी २०२३ मध्ये आसाम सीमेलगत गेलेफू येथे नवे नगर वसवण्याची घोषणा केली आहे. ज्या दक्षिणेतून एकेकाळी माणसे बाहेर काढली गेली, त्याच दक्षिणेत आता माणसे हवी आहेत.

आणि छावण्या? सातांपैकी दोन उरल्या आहेत, बेलडांगी आणि शनिश्चरे. त्यांत काही हजार माणसे अजून आहेत. २०२५ च्या वसंतात अमेरिकेने तेथे पुनर्वसित झालेल्यांपैकी, गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या काहींना देशाबाहेर काढले आणि विमानाने भूतानला पाठवले. भूतानने त्यांना भारताच्या सीमेवर आणून सोडले. भारतातून ते नेपाळमध्ये शिरले. त्यांतील काही जण चालत चालत बेलडांगीच्या छावणीत पोहोचले, आणि तेथे त्यांना बेकायदा प्रवेश केल्याबद्दल नेपाळच्या पोलिसांनी ताब्यात घेतले.